पहिलीच्या प्रवेशाआधी: ब्रनोतल्या रोमा मुलांबरोबर एक वर्ष

सई_ब्रनो

नमस्कार मंडळी. मी सहा वर्षं चेक प्रजासत्ताकात ब्रनो शहरात राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. मागच्या ऑक्टोबरपासून एका संस्थेची स्वयंसेवक म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा एका रोमा कुटुंबाकडे जाते. रोमा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघून युरोपात स्थिरावलेला समाज. त्यांची सहा वर्षांची मुलगी या सप्टेंबरात पहिलीत गेली. तिचं नाव इथे लिहिणार नाही, चिमी म्हणू. तिच्या आईला विचारून हे लिहिते आहे.

ब्रनोच्या मध्यवर्ती स्टेशनापासून ट्रामने पाच-सात मिनिटांवर त्सेय्ल नावाचा रस्ता लागतो. तो आणि शेजारचा ब्रातिस्लाव्हस्का रस्ता हा शहरातला जुना गिरणीकामगारांचा भाग. घरं 'पावलाच' पद्धतीची, म्हणजे मधे चौक, चौकाच्या बाजूने लांब गॅलरी आणि गॅलरीत उघडणारे दरवाजे. गिरगावात वाढलेल्या माणसाला पत्ता विचारावा लागणार नाही, सरळ आपली चाळ. पहिल्या दिवशी मी जिना चढले तेव्हा वाळत घातलेल्या चादरींच्या मधून चार पोरं डोकावली. एकीने थेट विचारलं, "तू सल रोम्नी?" तू रोमा आहेस का? माझा रंग बघून. मी नाही म्हटलं तर तिचा विश्वासच बसेना.

मला वाटलं होतं की मी अक्षरं-आकडे शिकवायला चालले आहे. संस्थेच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं की पहिले दोन महिने फक्त वेळेवर जायचं आणि दिलेला चहा प्यायचा, तरी मी पिशवीत रंगीत पेन्सिली आणि वर्कबुकं भरून नेली होती. ती वर्कबुकं नोव्हेंबरपर्यंत उघडली नाहीत. चिमीच्या आईने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, कॉफी ठेवली आणि समोर उभी राहिली. बसेना. यापूर्वी घरी आलेल्या परक्या बाया एकतर घरभाड्याची नोटीस घेऊन आल्या होत्या नाहीतर मुलांच्या चौकशीला. तिसऱ्या गुरुवारी ती बसली, आणि माझ्या हिशेबाने काम त्या दिवशी सुरू झालं.

इथे पहिलीच्या प्रवेशासाठी 'झापिस' असतो. ३१ ऑगस्टपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल पालकांनी शाळेत न्यायचं, फॉर्म भरायचा, आणि बहुतेक शाळांत शिक्षिका मुलाशी वीसेक मिनिटं बोलते. रंग ओळख, पाचपर्यंत मोज, माणूस काढ, एखादी कविता म्हण. चेक घरातलं मूल हे सगळं खेळता खेळता शिकलेलं असतं. चिमीला कागद कापायची कात्री कशी धरतात माहीत नव्हतं, कारण घरात लहानगा भाऊ आणि म्हणून कात्री कपाटावर. तीच चिमी खालच्या दुकानातून ब्रेड आणून उरलेले सुटे पैसे बरोबर मोजून देत होती.

झापिसच्या दिवशी शिक्षिकेने चित्रांची पत्ती दाखवली. झाडांना पाणी घालायची झारी होती. चिमीच्या घरी एकही कुंडी नाही. ती दोन क्षण बघत राहिली आणि म्हणाली, "चहाची किटली." तोटी आहे, मूठ आहे, पाणी ओततात. मला ते उत्तर हुशारीचं वाटलं. शिक्षिकेने कागदावर काहीतरी खूण केली. मग शेवटी आईसमोर दोन कागद सरकवले: वर्षभर थांबवायचा अर्ज आणि समुपदेशन केंद्रात तपासणीला पाठवायची संमती. पेन पुढे केलं. आईने पेन हातात घेतलंसुद्धा.

मी फक्त एवढंच म्हटलं की कागद घरी नेऊन वाचले तर चालेल का. शिक्षिका लगेच हो म्हणाली, अगदी चांगुलपणाने. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कागद घरी नेता येतात हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

वर्षभरातलं माझं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच असेल. म्हणून हा धागा. युरोपात आपली बरीच मंडळी आहेत आणि आठवड्यातला दीड तास काढणं अनेकांना जमेल. विचारा काय विचारायचं ते.

पंकज_पेण

सईताई, लेख आवडला. एक विचारतो, राग मानू नका. हे जिप्सी लोक भटके ना? एका जागी राहतच नाहीत तर मुलं शाळेत टिकणार कशी? आणि शाळेत घालायची इच्छा आईबापांनाच नसेल तर बाहेरच्याने किती करायचं?

सई_ब्रनो

पंकजदादा, राग नाही, मलाही येण्याआधी हेच वाटायचं. आधी शब्दाचं सांगते. 'जिप्सी' किंवा चेकमधला 'त्सिकान' हे शब्द इथे हिणवण्यासाठीच वापरतात. ते स्वतःला रोम म्हणवतात, आपण रोमा म्हणू.

भटकं कुणी राहिलेलं नाही. १९५८ साली कम्युनिस्ट सरकारने कायदाच केला आणि फिरत्या लोकांना सक्तीने एका जागी बसवलं, घोडे काढून घेतले, गाड्यांची चाकं काढली. तेव्हाही फिरणारे थोडेच होते. आणि आजचे चेक रोमा मुळात या भूमीवरचे जुने रोमा नाहीत, कारण ते जवळजवळ सगळे नाझींनी मारले. लेती आणि होदोनीन या दोन छावण्या होत्या, तिथून आउश्वित्झ. युद्धाआधी साडेसहा हजारांच्या आसपास असलेल्यांपैकी सहाशेसुद्धा परत आले नाहीत. लेतीच्या जागेवर तर पुढे वराहपालन केंद्र होतं, ते पाडायला २०२२ साल उजाडलं. स्मारक २०२४ मध्ये उघडलं. आत्ताची बहुतेक कुटुंबं युद्धानंतर स्लोव्हाकियाच्या वस्त्यांमधून कारखान्यात आणि बांधकामावर राबायला आणली गेली. चिमीचे पणजोबा तसेच आले.

आता इच्छेचं. चिमीची आई स्वतः 'विशेष शाळेत' शिकली. कागदोपत्री ती मतिमंद मुलांची शाळा. ती मतिमंद नाही, तीन मुलांचं घर आणि पहाटेची ऑफिस सफाई सांभाळते. पण त्या शाळेच्या दाखल्यावर तिला पुढे कुठला धड अभ्यासक्रम मिळाला नाही. ओस्त्रावा शहरातल्या अशाच अठरा मुलांनी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात खटला भरला होता. १३ नोव्हेंबर २००७ ला मोठ्या पीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की हा भेदभाव आहे. ओस्त्रावात रोमा मूल विशेष शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या २७ पट होती, असे आकडे मुलांच्या वकिलांनी मांडले होते.

सरकारची बाजू होती की पालकांनी संमतीच्या सह्या दिल्या आहेत. न्यायालयाने ती मानली नाही. ज्यांना सहीचे परिणाम समजावून सांगितलेले नाहीत त्यांची सही संमती कशी, आणि भेदभाव सोसायला कुणी संमती देऊच शकत नाही, असा त्याचा आशय. मी तो निकाल झापिसच्या नंतर वाचला. वाचताना मला ते पुढे केलेलं पेनच दिसत होतं.

शब्दवेडा

रोमानी भाषेबद्दल कुणी लिहायच्या आत मीच लिहितो. नाकाला 'नख', कानाला 'कान', दाताला 'दांद', मिठाला 'लोन' (आपलं लोण, लोणचं), दुधाला 'थुद', काळ्याला 'कालो', सापाला 'साप', सुरीला 'छुरी', आगीला 'याग', विसाला 'बिश'. माणसाला 'मानुश'. आकडे: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. मग एकदम एफ्ता, ओख्तो, एन्या, कारण सात-आठ-नऊ वाटेत ग्रीक लोकांकडून घेतले, आणि परत 'देश' म्हणजे दहा. हजारेक वर्षांपूर्वी वायव्य हिंदुस्थानातून निघून इराण, अर्मेनिया, बायझंटाईन मुलूख असा प्रवास त्या भाषेतच साठला आहे. १९७१ मध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली, तिथे निळ्या-हिरव्या झेंड्यावर चाक आलं. चंदीगडचे वीर राजेंद्र ऋषी यांनी या भाषेवर आयुष्य घालवलं.

ताई, चिमी हे शब्द बोलते का?

सई_ब्रनो

आजी बोलते, आई समजते आणि अर्धं बोलते, चिमी ऐकते. तुमच्या यादीतला 'लोन' आमच्यात खराच घडला. डिसेंबरात आजी सूप ढवळत होती आणि सुनेला म्हणाली, लोन दे. मी मिठाचा डबा उचलून पुढे केला. आजीने पळी भांड्यात सोडली आणि माझा हात धरला. मग तासभर आम्ही स्वयंपाकघरातल्या एकेका वस्तूला हात लावून नावं घेतली. चिमी ओट्यावर चढून बसली होती. घरातल्या भाषेसाठी कुणी टाळ्या पिटतंय हे तिने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

पण एक सावधगिरी. भारतातून आलेली बाई म्हणून माझं कौतुक होतं, त्याचा मी जास्त गाजावाजा करत नाही. इथे 'परत जा भारतात' हे रोमा माणसाला शिवी म्हणून ऐकवतात. ते इथलेच आहेत. दुकानात सुरक्षारक्षक माझ्यामागेही चालत येतो, मला रोमा समजून. माझ्या खिशात कंपनीचं ओळखपत्र असतं, चिमीच्या आईकडे ते नसतं.

भाषेची खरी अडचण वेगळीच आहे. मुलं जी चेक बोलतात तिच्यात रोमानी आणि स्लोव्हाकची लय असते, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं पडतं. चेकमध्ये ऱ्हस्व-दीर्घाने शब्दाचा अर्थच बदलतो. मग शिक्षिकेला वाटतं की मुलाच्या बोलण्यात दोष आहे.

कोसबाडकर

सई बाळा, मी डहाणू तालुक्यात अठ्ठावीस वर्षं बालवाडी चालवली. किटलीचं वाचलं आणि आमच्या वारली मुलांची आठवण झाली. चाचणीच्या पत्त्यांवर आगगाडीचा सिग्नल आणि टेबलफॅन. आमच्या पाड्यावर वीजच नव्हती. तीच मुलं पंधरा झाडं पानावरून ओळखत.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा, ती कुरणशाळा. आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी. साधनं म्हणजे चिंचोके, शंख-शिंपले, बिया.

तुला एवढंच सुचवते की विकतची वर्कबुकं बाजूला ठेव. त्यांच्या घरात काय आहे ते बघ. बटणं असतील, चमचे असतील, झाकणं असतील. आणि आईच्या देखत शिकव, म्हणजे तू नसताना ती घेईल.

सई_ब्रनो

काकू, तुमचा निरोप मला वर्षभर आधी मिळायला हवा होता. आम्ही शेवटी बाटल्यांच्या झाकणांवर आलो. रंगाने लावायची, मोजायची, मोठी-लहान करायची. कात्रीसाठी सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं. चिमी त्यातले केळी-सफरचंद कापून 'दुकान' मांडायची आणि मोठा भाऊ गिऱ्हाईक. आई ओट्यापाशी उभी राहून चुका सुधारायची. एका गुरुवारी मी तापाने गेले नाही, तर पुढच्या वेळी कळलं की आईने स्वतःच दुकान मांडलं होतं.

सोलापूर_सेटलमेंट

मी कैकाडी समाजातला. आजोबांचा जन्म सेटलमेंटच्या, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबायच्या वसाहतीच्या, तारेच्या कुंपणात झाला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, त्यातून ३१ ऑगस्ट १९५२ ला आमची सुटका. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. त्यामुळे सईताई, तुमचा लेख मी दोनदा वाचला.

मी पहिलीत गेलो तेव्हा गुरुजींनी दाराजवळ बसवलं. कुणाची पेन्सिल हरवली की आधी माझं दप्तर उलटं व्हायचं. दुसरीत मी दोन महिने शाळेत गेलो नाही, नदीवर बसायचो. आईला कळलं तेव्हा तिने मारलं नाही. ती बुरूड कामाच्या टोपल्या बाजूला ठेवून माझ्याबरोबर शाळेपर्यंत चालत आली आणि आठ दिवस बाहेर चिंचेखाली बसून राहिली. तिला वाचता येत नव्हतं. गुरुजींना ती खिडकीतून दिसत होती, एवढंच.

आता थोडं कडू बोलतो. आमच्या वस्तीत मदत करणारे खूप आले. सहा महिने यायचे, पोरांना जीव लावायचे, फोटो काढायचे, मग त्यांची बदली किंवा लग्न. माझी बहीण एका ताईची वाट बघत वर्षभर शनिवारी वेणी घालून बसायची. तुमची नोकरी उद्या दुसऱ्या देशात गेली तर चिमीचं काय? आणि शाळेने मुलांना दाराजवळ बसवणं थांबवलं नाही तर घरी झाकणं मोजून किती पुरणार?

सई_ब्रनो

दादा, तुमच्या आईचं वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिते आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर सांगते. संस्थेने पहिल्याच बैठकीत लिहून घेतलं की किमान एक शालेय वर्ष सोडायचं नाही, आणि सोडायचं असेल तर दोन महिने आधी सांगून, नव्या माणसाला घरी नेऊन ओळख करून द्यायची. फोटो काढत नाही. माझ्या फोनमध्ये चिमीचा एकही फोटो नाही. माझा व्हिसा दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो आणि ते मी तिच्या आईला सांगितलेलं आहे.

दुसऱ्या प्रश्नात तुम्ही माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. जवळच्या शाळेत जवळपास सगळी मुलं रोमा आहेत. चेक आईबाप हळूहळू आपली मुलं तिथून काढतात आणि मग शाळा तशीच होऊन जाते, कुणी पाटी लावावी लागत नाही. चार थांबे पलीकडे मिश्र शाळा आहे. मला वाटत होतं चिमीने तिकडे जावं. मी तीन गुरुवार आईला पटवत होते, नकाशा काढून, ट्रामचं वेळापत्रक दाखवून. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "जवळच्या शाळेत तिची मावसबहीण आहे. तिकडे तिला संडासात कुणी घाण म्हणालं तर ती कुणाला सांगणार?" तिच्या बाबतीत हे घडलेलं आहे. ती बोलली आणि मी नकाशा घडी करून पिशवीत ठेवला.

चिमी जवळच्या शाळेत गेली. तिथली वर्गशिक्षिका कष्टाळू आहे आणि वर्गात एक रोमा सहायिका आहे, ती मुलांना नावानिशी ओळखते. वेगळी शाळा हा अन्यायच आहे असं मी आजही मानते, आणि त्या अन्यायाचं ओझं सहा वर्षांच्या मुलीने एकटीने ट्राममधून वाहावं हेही मला मान्य नाही. यातून वाट काय ते मला सापडलेलं नाही. कायद्यात बरंच बदललं आहे. २०१६ पासून मतिमंदत्वाचा शिक्का असलेल्या मुलांचा वेगळा हलका अभ्यासक्रम बंद झाला, २०१७ पासून पहिलीआधीचं बालवाडीचं वर्ष सक्तीचं आणि सरकारी बालवाडीत फुकट झालं. पण कोणत्या वर्गात कोण बसतं ते अजून रस्ता आणि शेजार ठरवतो.

दानूबकाठी

मी ब्रातिस्लाव्हाला असतो. स्लोव्हाकियातली परिस्थिती आणखी बिकट. पूर्वेकडे गावाबाहेर वस्त्या, काही ठिकाणी नळाचं पाणीही नाही. कोशित्सेच्या लुनीक नऊ वसाहतीत पोप फ्रान्सिस १४ सप्टेंबर २०२१ ला जाऊन आले, तेव्हा जगाने पाहिली. शाळांमधल्या रोमा मुलांच्या वेगळेपणावरून युरोपीय आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये स्लोव्हाकियाला न्यायालयात खेचलं.

सोलापूरच्या दादांच्या प्रश्नाला इथलं एक उदाहरण लागू पडतं. 'त्सेस्ता व्होन' नावाची संस्था वस्तीतल्याच रोमा बायांना प्रशिक्षण देऊन पगारावर घेते. त्यांना ओमामा म्हणतात. त्या घरोघर जाऊन तान्ह्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांशी आणि आयांशी खेळतात, बोलतात. बाहेरून आलेली ताई जाते, ओमामा तिथेच राहते. मी त्यांच्यासाठी खेळणी गोळा करून गाडीने पोचवतो, बाकी काम त्याच करतात.

सोलापूर_सेटलमेंट

हे पटलं. आमच्याकडेही जे टिकलं ते आतून उगवलं. अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी उभी केलेली 'प्रश्नचिन्ह' शाळा बघा, ते स्वतः त्याच समाजातले.

सईताई, कालच्या माझ्या बोलण्याने तुम्ही थांबू नका. तुमचं ते 'कागद घरी नेऊ का' आमच्या आईला कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

प्राग_विद्यार्थिनी

सईताई, मला चेक जेमतेम येतं. तरी उपयोग होईल का? आणि सुरुवात कुठून करायची?

सई_ब्रनो

जेमतेम चेक असेल तर पहिलीच्या तयारीला बसू नकोस. मुलांना शाळेसाठी चेकच पक्कं हवं असतं आणि आपलं मोडकं चेक त्यांच्या कानावर पडून उपयोग नाही. मोठ्या मुलांना गणित आणि इंग्रजीला माणसं हवीच असतात, तिथे तू उद्यापासून चालशील. माझं चेक चौथ्या वर्षी धड झालं, मग मी लहानांकडे वळले.

स्वतःहून वस्तीत जाऊन दार वाजवायचं नाही. संस्थेतूनच जायचं. ब्रनोत रोमा संस्कृतीचं संग्रहालय आहे, १९९१ मध्ये रोमा लोकांनीच स्थापलेलं. ते वस्तूही जपतात आणि मुलांच्या शिकवणीसाठी स्वयंसेवकही पाठवतात. शिवाय 'आयक्यू रोमा सर्व्हिस' आणि 'द्रोम' आहेत. प्रागमध्येही अशा संस्था आहेत, ब्रनोतल्या संस्थांना विचारलंस तर त्या योग्य ठिकाणी धाडतील. तुझ्या नावावर गुन्हा नाही असा दाखला लागतो, तो पोस्टात अर्ज करून मिळतो. मग मुलाखत, प्रशिक्षण, आणि पहिल्यांदा घरी जाताना संस्थेचं माणूस बरोबर.

पैसे देऊ नकोस आणि जुने कपडे न विचारता नेऊ नकोस. मी एकदा पिशवीभर स्वेटर नेले. आईने ते हसून घेतले आणि पुढच्या गुरुवारी धुऊन, इस्त्री करून परत दिले. लागतं ते नेमकं विचारून न्यायचं. ऑगस्टच्या शेवटी शाळेची यादी आली: दप्तर, कंपास, रंग, चित्रकलेचा डगला, वर्गात घालायच्या कापडी सपाता. सपाता नसतील तर मूल पहिल्याच दिवशी मोज्यांवर बसतं आणि सगळ्यांना दिसतं. त्या आम्ही तिघी मिळून बाजारातून आणल्या, पैसे आईने दिले.

कोसबाडकर

आणि मुलगी आता कशी आहे ते सांगशील का? सगळं सांगितलंस, तेवढंच राहिलं.

सई_ब्रनो

काकू, पहिल्या दिवशी, १ सप्टेंबरला, मी रजा काढून गेले होते, पण शाळेच्या फाटकाबाहेरच थांबले. आत आई-बाबा आणि आजी गेले. पहिल्या आठवड्यात दोन दिवस ती रडली. तिसऱ्या आठवड्यात घरी आली आणि मावसबहिणीला सांगत होती की 'एम' अक्षर कसं डोंगरासारखं काढायचं. लिहिताना पेन्सिल अजून मुठीत धरते, बोटं दुखतात म्हणते. ऱ्हस्व-दीर्घाची तक्रार वहीत एकदा आली. आईने ती मला वाचायला दिली नाही, स्वतः वाचून दाखवली, आणि सोमवारी शाळेत जाऊन विचारून आली की घरी काय करू. मला ते गुरुवारी कळलं.

धाकटा आता तीन वर्षांचा झालाय, त्याच्यासाठी बालवाडीचा अर्ज करायचा आहे. ब्रनोमधून मला दोघांनी निरोप पाठवलेत, त्यांनी हे वाचावं: येत्या गुरुवारी साडेचारला संग्रहालयाच्या दाराशी भेटू. दाखला हातात नसेल तर घरी नेता येणार नाही, तेव्हा आधी पोस्टात जाऊन या.